एमबीबीएसची पोरं आणि 'पॅथी': कँटीनमध्ये एक सूर, घरी दुसरा?

ॲप्रनवाला
बरेच दिवस विषय डोक्यात घोळतोय, आज धागा काढतोच. मी मुंबईतल्या एका म्युनिसिपल कॉलेजात फायनल इयरला आहे (कुठल्या ते विचारू नका, आहेतच किती, बसा अंदाज लावत). तर आम्हा एमबीबीएसवाल्यांचं आयुर्वेद, होमिओपथी, युनानी, योगा वगैरेबद्दल नेमकं मत काय असतं? बाहेरच्यांना वाटतं आम्ही सगळे कट्टर विरोधक. आत राहून बघितलं तर वेगळीच गंमत आहे.

फर्स्ट इयरला पोरगं घरचं मत घेऊन येतं. लातूर-सांगलीकडून आलेल्याच्या ट्रंकेत आईने कोंबलेला च्यवनप्राश असतो, दादर-पार्ल्यातलीच्या पर्समध्ये साबुदाण्याच्या गोळ्यांची बाटली असते, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सेकंड इयरला फार्मा (औषधशास्त्र) सुरू झालं की जो तो 'ट्रायल आहे का, ट्रायल दाखव' करायला लागतो. थर्ड इयरनंतर वॉर्डात एखादा भस्म खाऊन किडनी घालवलेला पेशंट बघितला की झालं, मत पक्कं. आणि हीच पोरं पाठ धरली की आयुर्वेदिक तेल चोळून घेतात, सर्दी झाली की मेसच्या मावशींकडून आलं-गवती चहा उकळून मागतात, आणि आजीचे गुडघे दुखले की घरी फोनवर सांगतात पंचकर्म करून बघा, पेनकिलर नको, तिची किडनी जाईल. विचारलं तर म्हणतात ते वेगळं.

मला खटकतं ते हे की सगळी चर्चा 'तुझा विश्वास आहे का' ह्यावरच अडते, देव मानतोस का विचारल्यासारखी. शिकवायचं म्हणाल तर सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये एखादं लेक्चर, आणि २०२१ च्या नियमांपासून इंटर्नशिपमध्ये आयुषचा (आयुर्वेद, योग, युनानी, होमिओपथी वगैरेंचं सरकारी नाव) एक आठवडा. तो आठवडा आमचे सिनियर पीजीच्या (एमडी-एमएसच्या प्रवेशाच्या) अभ्यासाला वापरतात. बाकी मत बनतं ते रेसिडेंटच्या (वॉर्ड सांभाळणाऱ्या पीजी डॉक्टरांच्या) टोमण्यांवरून. इथे डॉक्टर, वैद्य, पेशंट सगळेच आहेत, काय वाटतं सांगा. भांडा पण मुद्द्यावर भांडा.

गिरगावकर_जीपी
बाळ, मी प्रॅक्टिस बंद करून आता आराम करतोय, तेव्हा निवांत लिहितो. तुमच्या पिढीला वाटतं पुरावा मागणं हे तुम्हीच आणलंत. अरे ह्याच मुंबईत डॉ. रुस्तम जल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधा आपल्याकडे वैद्य पिढ्यानपिढ्या देत आलेले, कलकत्त्याच्या सेन आणि बोस ह्यांनी १९३१ साली त्यावर लिहिलेलं, पण जगाच्या डॉक्टरांचं लक्ष गेलं ते वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ब्लड प्रेशरच्या पेशंटवरचा अभ्यास छापला तेव्हा. मग १९५२ मध्ये त्यातून रिसर्पीन वेगळं काढलं, १९५७ मध्ये वकिलांना लास्कर अवॉर्ड मिळालं. आम्ही रिसर्पीन लिहिलंय भरपूर. पुढे नवीन औषधं आली, त्यात डिप्रेशनचा त्रास दिसायला लागला, मागे पडलं.

आता ह्या गोष्टीतून दोन्ही बाजूचे लोक आपापल्याला हवं ते काढतात. वैद्य म्हणतात बघा आमचं होतं. तुमचे रेसिडेंट म्हणतील मॉलिक्यूल काढला तेव्हा औषध झालं. मला विचाराल तर त्या माणसाने झाडाला नमस्कारही घातला नाही आणि हसलाही नाही, पेशंटचं प्रेशर मोजत बसला. एवढं तुमच्यातले कितीजण करतील?

ॲप्रनवाला
काका, वकिलांचं नाव आम्हाला एकाही लेक्चरला कुणी सांगितलं नाही. चीनच्या तू योयोंना आर्टेमिसिनिनसाठी (वनस्पतीतून काढलेलं मलेरियाचं औषध) २०१५ चं नोबेल मिळालं हे मात्र सगळ्यांना पाठ, एमसीक्यूला येतं ना.

वैद्य_वरळीकर
वरळीच्या पोद्दार आयुर्वेद कॉलेजातून बीएएमएस केलंय, तेव्हा दुसऱ्या बाजूचंही ऐका. एमबीबीएसचा मुलगा भेटला की पहिला प्रश्न, नीटला किती होते. म्हणजे आमच्या शास्त्राबद्दलचं मत वगैरे राहू दे, आधी मार्कांवरून लायकी. आणि खरं सांगू का, आमच्याही वर्गात निम्मी पोरं एमबीबीएस हुकलं म्हणूनच आलेली असतात, त्यांचाच आयुर्वेदावर विश्वास नसतो, ती पहिल्या दिवसापासून स्टेथो लावून फिरतात.

पण पुरावा पुरावा करता ना, मग क्षारसूत्राचं बोला. भगंदराला (गुदद्वाराजवळ पडणारा पू वाहणारा मार्ग) औषधी लेप दिलेला दोरा घालतात, दर आठवड्याला बदलतात, मार्ग हळूहळू कापला जातो आणि मागून भरत येतो. आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) वेगवेगळ्या सेंटर्सवर ऑपरेशनशी तुलना करून ट्रायल घेतली, १९९१ मध्ये छापली. बरं व्हायला दोऱ्याने जास्त वेळ लागला, साधारण आठ आठवडे विरुद्ध चार, पण परत उद्भवायचं प्रमाण ४ टक्के विरुद्ध ११. हे तुमच्या किती पोरांना माहीत आहे? सर्जरीच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) भगंदर हमखास विचारतात, आणि पेशंटला फेऱ्या मारून दोनदा ऑपरेशन झाल्यावर कुणीतरी शेजारी सांगतो वैद्याकडे जा.

लिव्हर_रेसिडेंट
वैद्यबुवा, क्षारसूत्र मान्य, आमचे सरही मान्य करतात. पण माझं मत कुठून बनलं ते सांगतो. कोविडच्या काळात घराघरात गुळवेल उकळत होती. २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी सहा पेशंट छापले, गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले, ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तसं) चित्र. आयुष मंत्रालयाने लगेच उत्तर दिलं की ही गुळवेल नसेलच, तशीच दिसणारी दुसरी जात असेल. बरं, धरून चालू दुसरी जात होती. मग कुंडीतली वेल तोडून उकळणाऱ्या माणसाने ओळखायची कशी? बाजारातल्या पावडरीत कुठली जात आहे हे बघायची जबाबदारी कुणाची? ह्याला उत्तर मिळत नाही.

जड धातूंचं तेच. २००४ मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात बॉस्टनच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. रस-भस्मवाले म्हणतात शोधन केलं की बाधत नाही. रक्तात शिसं मोजल्यावर जे दिसतं ते दिसतं. तेव्हा आम्ही वॉर्डात टोमणे मारतो ते उगाच नाही, रात्री दोन वाजता तो पेशंट आम्हीच सांभाळतो.

पार्ल्याची_आई
मी डॉक्टर वगैरे नाही पण मुलगी एमबीबीएसला आहे म्हणून लिहिते. तिला लहानपणी सारखी सर्दी-खोकला, आम्ही होमिओपथी दिली, सात-आठ वर्षांची होईपर्यंत थांबलं सगळं. आता तीच मुलगी मला सांगते आई ती साखर होती. मी म्हटलं साखरेने बरी झालीस ना मग? त्यावर ती म्हणे वयाने बरी झाले. तुम्हा मुलांना चार पुस्तकं वाचल्यावर आईबापांचा अनुभव एकदम शून्य होतो हे मला नाही पटत.

गोळीबार_फार्मा
ताई, मुलगी बरोबर बोलतेय हो. राग मानू नका, हिशोब बघा. होमिओपथीच्या बाटलीवर ३० सी लिहिलेलं असतं, म्हणजे शंभर पट पातळ करायची क्रिया तीसदा. एकावर साठ शून्यं इतकं पातळ. आणि मूळ पदार्थाच्या एका मोलमध्ये कण असतात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. म्हणजे १२ सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक कण सापडायचीही मारामार. अकरावीच्या केमिस्ट्रीत हे येतं, त्यासाठी मेडिकलला जायला नको. लहान मुलांच्या सर्द्या शाळेची पहिली काही वर्षं गेली की बहुतेकांच्या कमी होतातच.

२०२० मध्ये मुंबईत सोसायट्या-सोसायट्यांतून कोविडसाठी होमिओपथीचं आर्सेनिकम अल्बम ३० वाटलं. आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने तर दारावर यादी लावली, कुणी घेतल्या, कुणी नाही. मास्क नीट लावायचा सोडून.

पार्ल्याची_आई
हिशोब तुमचा असेल बरोबर. पण त्या होमिओपथी डॉक्टर पाऊण तास बोलायच्या आमच्याशी, झोप कशी, भीती कशाची वाटते, सगळं विचारायच्या. मोठ्या हॉस्पिटलात एकदा नेलं तर डॉक्टरने मान वर न करता अँटिबायोटिक लिहिलं. हे पण धरा तुमच्या हिशोबात.

गिरगावकर_जीपी
हे मात्र ताई लाखातलं बोललात.

पीएसएम_पीजी
थोडं अभ्यासाचं बोलते, माझा विषयच कम्युनिटी मेडिसिन. विद्यार्थ्यांची ह्या बाबतीतली मतं मोजायच्या प्रश्नावल्या असतात. सीएचबीक्यू नावाची एक बरीच वापरतात, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात बनली, २००४ मध्ये छापली, दहा विधानं आणि प्रत्येकाला एक ते सात मार्क. शरीरात स्वतः बरं व्हायची ताकद असते, पेशंटच्या श्रद्धा-मूल्यांचा उपचारात विचार व्हावा, ह्या धर्तीची विधानं. आता मला सांगा, हे कोण नाकारेल? मग बेरीज जास्त येते आणि निष्कर्ष निघतो की विद्यार्थी अनुकूल आहेत.

आपल्याकडे ही प्रश्नावली जशीच्या तशी वाटली की आणखी घोळ. योगा, काढा, होमिओपथी, मसाज, रेकी, सगळं एका पिशवीत. मी माझ्या बॅचमध्ये गप्पांत विचारते तेव्हा योगाला कुणी नाही म्हणत नाही. टाटा मेमोरियलने ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटवर योगाची मोठी रँडमाइज्ड ट्रायलच (चिठ्ठ्या टाकून पेशंटचे गट पाडून केलेली चाचणी) केली, त्यामुळे तो विषय आता चेष्टेचा राहिला नाही. आयुर्वेदाला 'काही गोष्टीत हो'. होमिओपथीला सरळ हसतात. रेकीचं नाव काढलं तर चहाच सांडतो. ह्या सगळ्याची सरासरी काढून काय हाती लागणार?

दुसरं म्हणजे बॉस्टनच्या मुलाला आयुर्वेद ही शनिवारची आवड असू शकते. इथे ती सरकारमान्य डिग्री आहे, मंत्रालय आहे (२०१४ पासून स्वतंत्र), तो उद्याचा कलीग आहे आणि उद्याचा कॉम्पिटिटरही. इथल्या पोरांच्या मतात शास्त्र किती आणि पोटापाण्याची काळजी किती, हे मला तरी वेगळं काढता आलेलं नाही.

लिव्हर_रेसिडेंट
पोटापाण्याचं कशाला मध्ये आणता मॅडम, प्रश्न पेशंटच्या सेफ्टीचा आहे.

पीएसएम_पीजी
दोन्ही आहे रे. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पीजींना करता येतील अशा ५८ ऑपरेशन्सची यादी निघाली तेव्हा ११ डिसेंबरला आपल्या ॲलोपथीवाल्यांनी देशभर ओपीडी बंद ठेवल्या. मग २०२५ मध्ये होमिओपॅथ सीसीएमपी (आधुनिक औषधांचा कोर्स) करून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरला येणार म्हटल्यावर परत संप. एक वर्षाच्या कोर्सवर ॲलोपथी लिहू द्यायला माझाही विरोधच आहे, पण गुळवेलीवरून किंवा भस्मावरून कधी कुणी एक दिवस तरी संप केलाय का?

नाइट_आरएमओ
बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितोच. मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथ. पश्चिम उपनगरात एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करतो. मालक एमडी आहेत, ते घरी झोपतात. रात्री छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी मी काढतो, त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, ते सांगतात ते इंजेक्शन मी देतो. मुंबईतल्या छोट्या नर्सिंग होमांत रात्री कोण असतं जरा जाऊन बघा, बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. कारण एमबीबीएसवाला पीजीचा अभ्यास करत असतो आणि परवडतही नाही. दिवसा ह्याच मंडळींच्या असोसिएशनची पत्रकं येतात की आम्ही ॲलोपथीला हात लावायचा नाही. मग रात्री काय करायचं, नक्स व्होमिका द्यायचं?

कायदा मला माहीत आहे. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्याच केसमध्ये सांगितलंय की होमिओपॅथने ॲलोपथीची औषधं दिली तर तो निष्काळजीपणाच. म्हणजे काही झालं की अडकणार मी. विद्यार्थ्यांच्या मतांचं म्हणाल तर आमच्याकडे एमबीबीएसचे इंटर्न कधीतरी लोकमला (बदली ड्युटीला) येतात, पहिल्या रात्री तुच्छतेने बघतात, तिसऱ्या रात्री विचारतात दादा ही लाइन (सलाइनची सुई) कशी टाकू.

ॲप्रनवाला
दादा, हे वाचून गप्पच झालो. ह्याबद्दल कुठल्याच लेक्चरला एक शब्द नसतो.

गोळीबार_फार्मा
गप्प कशाला? हे चुकीचंच आहे. स्वस्तात माणूस मिळतो म्हणून मालक ठेवतो, त्यात होमिओपथीची बाजू कुठे सिद्ध झाली?

नाइट_आरएमओ
मी सिद्ध करतोय असं कुठे म्हटलं. मला माझ्या पॅथीबद्दल विचारलंच नाहीये कुणी कधी.

चिपळूण_ते_चिंचपोकळी
ह्या सगळ्या डिग्रीवाल्यांच्या भांडणात मूळ गडी राहूनच गेला राव. आमच्या गावाकडे कावीळ उतरवणारा असतो. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावतो, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो, पाणी पिवळंधमक, म्हणे कावीळ उतरली. गळ्यात माळ घालतो, ती लांबत जाते तशी कावीळ कमी होते म्हणे. मुंबईत राहून पण लोक जातात त्याच्याकडे, आमच्या चाळीतले दोघे पावसाळ्यात रात्रीच्या एसटीने गेलेले. हेपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांचा आपोआपच बरा होतो म्हणून त्याचं दुकान चालतं. पण शंभरात एखाद्याचं लिव्हर बसतं तेव्हा तो माळ घालून घरी झोपलेला असतो. आमच्या वैद्यबुवांना नि होमिओपॅथदादांना ह्याच्या रांगेत बसवू नका एवढंच म्हणणं.

वैद्य_वरळीकर
धन्यवाद साहेब, रांगेतून काढल्याबद्दल.

लालबागची_सून
मला एक सांगायचंय, वाद नाही घालायचा. सासूबाईंना शुगर आहे, गोळ्या चालू. शेजारणीने सांगितलं म्हणून कारल्याचा रस आणि मेथीची पूड सुरू केली. एकदा सकाळी घामाघूम होऊन चक्कर, शुगर एकदम खाली गेलेली. हॉस्पिटलात नेलं (नाव नको). तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने विचारलं, दुसरं काही औषध घेता का? सासूबाई म्हणाल्या नाही. खोटं नव्हत्या बोलत हो, त्यांच्या लेखी कारलं म्हणजे भाजी. मी मध्ये बोलले तर मोठे डॉक्टर म्हणाले, हे असले उद्योग करायचे तर इकडे कशाला येता. तेव्हापासून सासूबाई डॉक्टरांना काहीच सांगत नाहीत. रस बंद केला, पण आता ज्येष्ठमध चघळतात खोकल्याला, ते पण सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे.

गिरगावकर_जीपी
सूनबाई, त्यांना ब्लड प्रेशरची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे का? ज्येष्ठमध रोज जास्त घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि प्रेशर चढतं. अधूनमधून एखादी कांडी ठीक, रोजचं नको. पुढच्या व्हिजिटला तुम्हीच सांगा डॉक्टरांना, सासूबाई रागावल्या तरी चालेल.

ॲप्रनवाला
काका, मला धागा काढताना नेमकं बोलता येत नव्हतं ते ह्या ताईंनी सांगितलं. त्या शिकाऊ मुलीने शिकवल्याप्रमाणेच विचारलं. हिस्टरीत आम्हाला ड्रग हिस्टरी शिकवतात, काढा-चूर्ण-रस त्यात धरत नाहीत. होमिओपथी थोतांड आहे की नाही ह्यावर बॅचमध्ये रात्र रात्र वाद होतात, पण पेशंट काय काय पोटात घालतो हे विचारायची पद्धत कुणी दाखवत नाही. मला कारल्यावर विश्वास असो नसो, सासूबाईंची शुगर खाली जायची ती जाणारच ना.

लिव्हर_रेसिडेंट
हे मात्र खरं. आमच्या सरांची पद्धत सांगतो, ते 'औषध' म्हणतच नाहीत. 'घरचं काय चालू आहे? काढा, चूर्ण, पुड्या, रस, मसाजचं तेल, कुणी गावाकडून आणून दिलेलं काही, जिमवाल्याने दिलेलं काही?' असं एकेक नाव घेतात. आणि विचारताना चेहरा कोरा. गुळवेलवाले निम्मे पेशंट तिसऱ्या नावाला मान हलवतात. पिशवी घेऊन या म्हणतात, मग पिशवीतून काय काय निघतं, विचारू नका. भूल द्यायच्या आधी तर हे विचारलंच पाहिजे, लसणाच्या कॅप्सूल, गिंको असलं काही चालू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो, आधीच बंद करायला सांगतात.

गोळीबार_फार्मा
ह्याला माझा शून्य विरोध. फक्त विचारून झाल्यावर 'घेत राहा, काही होत नाही' असं गोड बोलू नका. गुग्गुळाचंच घ्या, कोलेस्टेरॉलसाठी इतकी वर्षं नावाजलेला, २००३ मध्ये अमेरिकेतली नीट केलेली ट्रायल छापून आली तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलंच. चेहरा कोरा ठेवा पण माहिती पक्की ठेवा.

पीएसएम_पीजी
धारावीच्या वस्तीत पोस्टिंग केलेल्या कुणालाही विचारा, घरात शिरल्यावर डब्यांच्या फळीकडे बघायला शिकलात तर निम्मी हिस्टरी न विचारता कळते. ॲप्रनवाल्या, केसपेपरवर ह्याला वेगळी ओळ नसते, ड्रग ॲलर्जीच्या खाली जागा असते तिथे लिही. आमच्या युनिटात तिघं-चौघं लिहितात आता.

ॲप्रनवाला
लिहितो. व्हायवाला एक्झामिनर काय म्हणतील ते म्हणोत.

अजून एक, तो इंटर्नशिपचा आयुषचा आठवडा माझा पुढच्या वर्षी येईल. सही घेऊन लायब्ररीत बसायचं नाहीये. वैद्यबुवा, कुठे जाऊ?

वैद्य_वरळीकर
वरळीला शल्यच्या (सर्जरीच्या) ओपीडीला ये, दोरे बदलायच्या दिवशी. सकाळी लवकर, पेशंटची रांग असते. आणि पंचकर्मात शिरोधाराचे रील काढायला येणार असशील तर नको येऊस, तसले पुष्कळ येतात.

नाइट_आरएमओ
एखाद्या रात्री माझ्याकडे पण ये. चहा माझा. ईसीजी तू वाच.